न बोलणाऱ्याचा वडा

बंगळुरातल्या इलेक्ट्रॉनिक सिटीच्या फेज वनमध्ये, नीलाद्री रोडला, जी उभ्यानं खायची हॉटेलं आहेत त्यांना इकडं दर्शिनी म्हणतात. आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, चिठ्ठी घ्यायची आणि ती काउंटरपलीकडच्या माणसाच्या हातात द्यायची. तो चिठ्ठीकडं बघतो, तुमच्याकडं बघत नाही, आणि एकच प्रश्न विचारतो : ‘‘डिप?’’ म्हणजे वडा सांबारात बुडवून देऊ, की सांबार वेगळं देऊ? या प्रश्नाच्या उत्तराला साधारण पाऊण सेकंदाची मुदत असते. मी साताऱ्याचा. कुणी काहीही विचारलं तरी आधी ‘अं?’ म्हणायची आमची रीत. माझा ‘अं’ पुरा व्हायच्या आत वडा बुडालेला असायचा.

बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, असं आपल्याकडं म्हणतात. बंगळुरात न बोलणाऱ्याचा वडा बुडतो.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. तो माणूस हल्ली ‘डिप?’ असं विचारतही नाही. मी रस्ता ओलांडताना दिसलो की तिकडं वडा सांबारात उडी घेतो. याला मराठीत ‘नेहमीचं’ म्हणतात आणि आमच्या धंद्यात ‘डीफॉल्ट’. तुम्ही काही सांगितलं नाहीत तर आम्ही काय समजायचं, हे कुणीतरी कधीतरी ठरवून ठेवलेलं असतं, त्याचं नाव डीफॉल्ट. शाळेच्या भाषेत सांगायचं तर ‘गृहीत धरणं’. हाच शब्द माझी बायको आठवड्यातून दोनदा वापरते, फक्त सूर शाळेतला नसतो.

तसं पाहिलं तर ही अख्खी वसाहतच एका गृहीतावर उभी आहे. १९७८ साली केऑनिक्स या कर्नाटक सरकारच्या महामंडळानं कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या दोन गावांची ३३२ एकर जमीन घेऊन ती आखली. केऑनिक्सचे पहिले अध्यक्ष आर. के. बाळिगा यांचं हे स्वप्न. इथं इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे कारखाने येणार, म्हणून नाव इलेक्ट्रॉनिक सिटी. कारखाने आलेही, पण त्यांच्यामागून सॉफ्टवेअरवाले आले आणि लग्नघरातल्या पाहुण्यांसारखे पाय पसरून बसले. पाटी बदलायला मात्र कुणाला सवड झाली नाही. आज इथल्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक सिटीकरांना फ्यूज बदलायचा झाला तर वायरमन बोलवावा लागतो. इन्फोसिसचं अवाढव्य आवार इथंच आहे. ही कंपनी १९८१ साली पुण्यात जन्मली, हे इथला प्रत्येक पुणेकर ओळख झाल्यावर दुसऱ्या मिनिटाला सांगतो. पहिल्या मिनिटात तो स्वतः पुण्याचा असल्याचं सांगत असतो.

तर, गेल्या पावसाळ्यात आमच्या टीममध्ये देगलूरकडचा एक पोरगा आला. नवाकोरा लॅपटॉप, गळ्यात नवाकोरा पट्टा, डोळ्यांत नोकरीची चमक. दुपारी त्याला म्हटलं, ‘‘पोस्टग्रेस टाकून घे आणि डेटाबेसला जोडून बघ.’’ दहा मिनिटांत चेहरा पाडून माझ्या टेबलापाशी.

‘‘सर, मी काहीच केलो नाही सर. नुसतं पीएसक्यूएल लिहून एंटर दाबलो. तर फेटल म्हणायलंय.’’

पडद्यावर खरंच ‘फेटल’ लिहिलेलं होतं. फेटल म्हणजे प्राणघातक. चिमूटभर चुकीला एवढा मोठा शब्द वापरणारी माणसं मी फक्त आमच्या आत्याच्या सासरी बघितली आहेत.

वास्तविक पोरानं काहीच केलं नव्हतं, हाच त्याचा गुन्हा होता. पीएसक्यूएल हे पोस्टग्रेस या डेटाबेसशी बोलायचं साधन. त्याला काही सांगितलं नाही, की ते आपल्या मनानं गोष्टी ठरवून मोकळं होतं. समजा, लॅपटॉपवर पोराचं नाव बंड्या आहे. (मराठी विनोदातल्या पोराचं डीफॉल्ट नाव बंड्याच असतं.) हे यंत्र म्हणतं, ज्या अर्थी लॅपटॉपात याला बंड्या म्हणतात, त्या अर्थी डेटाबेसमध्येही बंड्या नावाचा माणूस असणारच. ज्या अर्थी माणूस बंड्या आहे, त्या अर्थी त्याच्या नावाचा डेटाबेसही असणारच. गाव सांगितलं नाही, म्हणजे हेच गाव. दार सांगितलं नाही, म्हणजे ५४३२ नंबरचं. मग ते आत जातं, हाका मारतं आणि बाहेर येऊन जाहीर करतं : फेटल! बंड्या नावाचा कुणी अस्तित्वातच नाही.

पोरगा हवालदिल. मी त्याला डेटाबेसमध्ये बंड्या तयार करून दिला. त्यानं पुन्हा एंटर दाबलं. आता यंत्रानं बंड्याचं अस्तित्व मान्य केलं आणि लगेच दुसरा फेटल फेकला : बंड्या नावाचा डेटाबेस अस्तित्वात नाही. म्हणजे आधी म्हणाले तुम्हीच नाही. तुम्ही आहात हे सिद्ध केलंत तर म्हणाले तुमचं घर नाही. तलाठी कचेरीत ज्यानं वारसनोंद केली आहे त्याला यात नवीन काही वाटणार नाही.

मग मी त्याला समोर बसवून मु. पो. समजावलं. आपल्याकडं पत्रावर नुसतं नाव टाकून भागत नाही, मु. लिहायचं, पो. लिहायचं, तालुका, जिल्हा. इथंही तेच. होस्ट म्हणजे मुक्काम, पोर्ट म्हणजे पोस्ट. पोस्टग्रेसचा ५४३२; दुसऱ्या डेटाबेसांपैकी मायएसक्यूएलचा ३३०६, ओरॅकलचा १५२१. त्यापुढं डेटाबेस, मग युजर, मग पासवर्ड. या पाचही गोष्टी दोन-दोन टिंबांनी जोडून एका ओळीत लिहायच्या आणि ती फाइल आपल्या घरच्या फोल्डरात ‘पीजीपास’ नावानं ठेवायची. नावाच्या आधी एक टिंब द्यायचं. टिंब लावलं की फाइल चारचौघांत दिसत नाही. मग रोज पासवर्ड विचारायचा त्रास नाही.

आता या फाइलीचा स्वभाव बघा. ती फक्त मालकाला वाचता-लिहिता आली पाहिजे, इतर कुणालाही नाही. या बंदोबस्ताचा आकडा ०६००. त्यात जरा ढिलाई दिसली, शेजारच्याला नुसती डोकावायची मुभा राहिली, की यंत्र फाइल उघडतच नाही. पासवर्ड आत आहे, बरोबर आहे, तरी नाही. जिनं आपल्या मोत्यांच्या कुड्या उघड्या कपाटात बघितल्या आणि ‘आता मला त्या घालायच्याच नाहीत’ म्हणून पाठ फिरवली, ती मोठी काकू आणि हे यंत्र एकाच कुळातले.

पासवर्डाच्या बाबतीत एवढं सोवळं असलेलं हे यंत्र दुसरीकडं मात्र कमालीचं सैल आहे. डेटाबेसशी होणारं बोलणं वाटेत कुणी ऐकू नये म्हणून ते झाकून पाठवायची सोय असते, तिला एसएसएल म्हणतात. पोस्टग्रेसमध्ये तिच्या सहा पायऱ्या आहेत. पोराला त्या काही केल्या लक्षात राहीनात. शेवटी त्याच्या घरात सध्या ताईचं लग्न जमवणं चाललंय असं कळलं, तेव्हा मार्ग सापडला. पहिली पायरी ‘डिसेबल’ : आम्ही पत्रिका बघत नाही. दुसरी ‘अलाउ’ : आम्ही बघत नाही, पण तुमचा आग्रहच असेल तर बघू. तिसरी ‘प्रिफर’ : जुळली तर उत्तम, नाही जुळली तरी आमची हरकत नाही. चौथी ‘रिक्वायर’ : पत्रिका हवीच, मग ती मुलाची आहे की त्याच्या चुलतभावाची, ते आम्ही काढून बघत नाही. पाचवी ‘व्हेरिफाय सीए’ : पत्रिका मांडणारे गुरुजी खरे आहेत का, याची चौकशी करू. सहावी ‘व्हेरिफाय फुल’ : गुरुजींची चौकशी करू, आणि पत्रिकेवरचं नाव नि समोर बसलेला मुलगा एकच आहे का, तेही बघू.

‘‘मग आपण काही नाही सांगितलं, तर कोणती धरतंय सर?’’

‘‘तिसरी. प्रिफर. जुळली तर उत्तम.’’

पोरगा विचारात पडला. मुलीकडचे एवढे सैल कसे, हे त्याला पटेना. पोस्टग्रेसच्या स्वतःच्या माहितीपुस्तकातही, सुरक्षेच्या दृष्टीनं या डीफॉल्टला काही अर्थ नाही, अशी कबुली दिलेली आहे. पूर्वीपासून चालत आलंय, म्हणून ठेवलंय. आपल्याकडच्या बऱ्याच लग्नविधींचं स्पष्टीकरण नेमकं याच शब्दांत मिळतं.

आणि थांबायचं किती? पलीकडून उत्तरच आलं नाही तर? तुम्ही मुदत घातली नसेल तर हे साधन आपणहून कधीच कंटाळत नाही. पंढरीच्या विठोबासारखं कमरेवर हात ठेवून उभं. शेवटी खालची ऑपरेटिंग सिस्टिमच वैतागते आणि त्याला हाताला धरून घरी नेते. वाटेतल्या सिल्क बोर्डच्या चौकात, वाहतुकीत अडकून, आम्ही इलेक्ट्रॉनिक सिटीकर बरीच वर्षं याच पद्धतीनं उभे होतो. २०१० साली तिथून इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत जवळपास दहा किलोमीटरचा उड्डाणपूल झाला, तेव्हा वाटलं, सुटलो. पुलामुळं फरक पडला तो एवढाच, की सिल्क बोर्डला थांबायला आम्ही लवकर पोचू लागलो. १० ऑगस्ट २०२५ ला याच वाटेवरच्या पिवळ्या मेट्रोचं उद्घाटन झालं. सुरुवातीला गाड्या होत्या तीन आणि दोन गाड्यांत अंतर पंचवीस मिनिटांचं. गर्दी होती, धक्के होते. पण फलाटावरच्या माणसांच्या चेहऱ्यावर मी समाधान बघितलं. कारण थांबण्याला पहिल्यांदाच आकडा मिळाला होता.

पोरगा चौकस निघाला. त्यानं विचारलं, ‘‘हे सगळं ठरवतंय कोण सर?’’

याचं उत्तर मोठं मौजेचं आहे. ओरॅकलवर शिकलेल्या आमच्या पिढीला एक जोडी झोपेतही आठवते : नाव स्कॉट, पासवर्ड टायगर. सरावाच्या डेटाबेसमध्ये शिरायचं ते याच नावानं. ब्रूस स्कॉट हा ओरॅकलच्या अगदी सुरुवातीच्या नोकरदारांपैकी एक, आणि टायगर ही त्याच्या घरची मांजर. त्या मांजरीचं नाव साताऱ्यापासून साओ पावलोपर्यंतच्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलं. रेडिस नावाचा एक डेटाबेस आहे, त्याचा पोर्ट ६३७९. हा आकडा कुठल्या गणितातून आला असेल म्हणून मी बरेच दिवस कोड्यात होतो. गणित नव्हतंच. फोनच्या बटणांवर हे चार आकडे दाबले की ‘मर्झ’ हे नाव होतं, आणि अलेसिया मर्झ ही इटलीतली टीव्हीवरची नटी. रेडिसचा कर्ता इटलीचा. संपलं गणित.

श्राद्धाच्या मांजराची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. श्राद्धाच्या दिवशी मांजर पानांत तोंड घालतं म्हणून आजोबा ते टोपलीखाली झाकून ठेवत. आजोबा गेले, मांजर गेलं. पुढं आजोबांच्या श्राद्धाला नातवानं गावभर हिंडून मांजर पकडून आणलं, का, तर आमच्याकडं श्राद्धाला टोपलीखाली मांजर लागतं. ओरॅकलच्या मांजरीचीही तीच कथा. फरक एवढाच, की आपलं मांजर टोपलीखाली बंद असतं. त्यांचं मांजर कुलपाची किल्ली होऊन बसलं. ते नाव बदलायचं ज्यांनी मनावर घेतलं नाही, त्यांचं दार जगातल्या कुणालाही उघडं असायचं.

एवढं सगळं सांगून झाल्यावर मी पोराला म्हटलं, ‘‘डीफॉल्ट स्वतः लिहावा. पण लिहिताना हात थरथरला पाहिजे.’’ हे वाक्य मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. ते साताऱ्याच्या इतिहासातून आलंय.

मी इथं येऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. काम मायएसक्यूएलवर. या मायएसक्यूएलच्या घरची व्यवस्था एकत्र कुटुंबासारखी आहे. ते आधी सगळ्या मशीनसाठी लिहिलेली फाइल वाचतं, हे आजोबा. मग आपल्या फोल्डरातली खासगी फाइल वाचतं, हे चिरंजीव. सगळ्यात शेवटी आपण आयत्या वेळी जे टाइप करू ते ऐकतं, ही सूनबाई. शेवटी बोलेल त्याचं खरं. रोज रोज मुक्काम-पोस्ट टाइप करायचा मला कंटाळा येई. तेव्हा ग्राहकांच्या खऱ्याखुऱ्या, चालू डेटाबेसची तक्रार बघायला वारंवार जावं लागायचं, म्हणून चिरंजीवांच्या फाइलीत मी त्याच सर्व्हरचा पत्ता लिहून ठेवला. चाचणीचा सर्व्हर हवा असेल तर तो तोंडी सांगेन, म्हटलं.

एका शुक्रवारी संध्याकाळी, कंपनीची बस सुटायला सात मिनिटं असताना, चाचणीच्या डेटाबेसमध्ये एका नकली ग्राहकाचं गाव बदलून बघायचं होतं. माणूस गाव निवडतो ते आपलंच. अपडेट, ग्राहक, गाव बरोबर सातारा. घाईत दोन गोष्टी राहिल्या. सर्व्हर तोंडी सांगायचा राहिला. आणि कुणाचं गाव बदलायचं, हे सांगणारी ‘व्हेअर’ची शेपटी लावायची राहिली. एंटर.

‘क्वेरी ओके’, मायएसक्यूएल आनंदानं म्हणालं, आणि पुढं आकडा आला. साडेअकरा हजारांच्या आसपास. नकली ग्राहक होता एक.

१७५८ साली मराठ्यांचे झेंडे अटकेला पोचले, तेव्हाही गादी साताऱ्यालाच होती. पण गुवाहाटी, कोची आणि पोर्ट ब्लेअर त्या वेळी राहून गेलं होतं. ते काम मी एका बोटानं केलं. देशभरातला प्रत्येक ग्राहक सातारकर झाला. आणि मागं घ्यायची सोय नव्हती. कारण तिथला आणखी एक डीफॉल्ट म्हणजे ऑटोकमिट. हुकूम सुटला की लगेच पक्का. ओरॅकलचं जुनं साधन निदान ‘कमिट’ म्हणेपर्यंत वाट बघायचं, साखरपुडा आणि लग्न यांत जरा दिवस ठेवायचं. इथं मुलगी बघायला गेलो आणि अक्षता पडल्या.

बस गेली. रात्री दोनपर्यंत आम्ही चौघं जण बॅकअपमधून एकेका माणसाला त्याच्या मूळ गावी पोचवत होतो. आमचा मॅनेजर तमिळ, मितभाषी. पहाटे चहा पिताना त्यानं एवढंच विचारलं, ‘‘सातारा इज अ बिग सिटी?’’

त्या दिवसापासून माझ्या फाइलीत तीन बदल झाले. एक, काही सांगितलं नाही तर जायचं ते चाचणीच्या डेटाबेसमध्ये. खऱ्या घरी जायचं तर पूर्ण पत्ता हातानं टाइप करायचा. कंटाळा आला पाहिजे; कंटाळा हाच तिथला वॉचमन. दोन, खऱ्या डेटाबेसची खिडकी लालभडक. एसटीसारखी लांबून दिसली पाहिजे. तीन, मायएसक्यूएलमध्ये एक सोय आहे : ‘व्हेअर’ची शेपटी न लावता कुणी सगळं बदलायला किंवा पुसायला निघाला, तर यंत्र सरळ नकार देतं, आणि नुसतं बघायला गेलात तरी एका वेळी हजारच ओळी दाखवतं. या सोयीचं सभ्य नाव ‘सेफ अपडेट्स’. पण तिला दुसरंही नाव आहे, अधिकृत, माहितीपुस्तकात छापलेलं : ‘आय अॅम अ डमी’. मी मठ्ठ आहे. यंत्रात शिरताना स्वतःच्या हातानं हे लिहून द्यायचं. वीस वर्षांच्या नोकरीत इतका खरा फॉर्म मी दुसरा भरलेला नाही.

पोरानं हे सगळं वहीत उतरवून घेतलं. ‘मी मठ्ठ आहे’ याखाली दोन रेघा मारल्या. त्या कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला दर्शिनीत घेऊन गेलो. त्यानं चिठ्ठी पुढं केली. काउंटरपलीकडून प्रश्न आला, ‘‘डिप?’’

‘‘बेरे,’’ पोरगा म्हणाला. देगलूरच्या पलीकडं त्याचं आजोळ. कन्नड कानावरून गेलेलं. बेरे म्हणजे वेगळं. त्याच्या ताटलीत कोरडा, कडकडीत वडा आला, शेजारी वाटीत सांबार. त्यानं तो मोडला तेव्हा कुरकुर आवाज झाला. सहा वर्षांत वड्यातून निघालेला तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. माझ्या ताटलीत नेहमीचं होतं. आणि खरं सांगतो, मला बुडालेला वडा आवडत नाही. कधीच आवडला नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी ठरवून गेलो. रस्ताभर ‘बेरे, बेरे’ घोकत गेलो. गल्ल्यावर पैसे भरले, चिठ्ठी घेतली आणि काउंटरपाशी तोंड उघडलं. तोवर ताटली पुढं सरकली होती. वडा सांबारात गळ्यापर्यंत, वर थोडं जास्तीचं सांबार, आणि साखर कमी घातलेली कॉफी. तो माणूस हसला. सहा वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडं बघून हसला आणि म्हणाला, ‘‘रेग्युलर, सार.’’

मी निमूटपणे खाल्लं. तोंडी सांगून एक दिवसाचं भागलं असतं; नेहमीचं बदलायचं तर मूळ फाइल बदलायला हवी. ती फाइल त्या माणसाच्या डोक्यात आहे आणि तिचा बंदोबस्त ०६०० आहे.